पंचायतीपासून पाड्यापर्यंत : संगणक-जाळ्याची मुळाक्षरे

दोन किंवा अधिक संगणकांना एकमेकांकडे माहिती पाठवता आली की संगणक-जाळे तयार होते. ते संगणक एकाच खोलीत असतील, किंवा एक तलासरीत आणि दुसरा पुण्यात असेल, तत्त्व एकच. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, संकेत वाहून नेणारे माध्यम आणि त्याच्या टोकांवरची यंत्रे, म्हणजे हार्डवेअर. दुसरी, दोन्ही बाजूंनी पाळायचे नियम, म्हणजे प्रोटोकॉल. तिसरी, प्रत्येक यंत्रात बसून ते नियम पाळणारी व यंत्राचे सगळे भाग हाताळणारी ऑपरेटिंग सिस्टीम. जाळे म्हणजे इंटरनेट नव्हे, हेही आरंभीच स्पष्ट व्हायला हवे. इंटरनेट हे जाळ्यांना जोडणारे जाळे आहे. शाळेतले दहा संगणक एका स्विचला जोडले तर बाहेरची एकही तार न येता ते पूर्ण जाळे होते आणि त्यावर पुष्कळ काम करता येते.

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे दोन तालुके जाळ्याच्या अभ्यासाला फार योग्य आहेत. इथे बंदरपट्टी आणि जंगलपट्टी असे दोन वेगळे प्रदेश शेजारी शेजारी आहेत. बंदरपट्टीत डहाणू, घोलवड, बोर्डी ही गावे, चिकूच्या वाड्या आणि पश्चिम रेल्वेचा मार्ग. पूर्वेकडे राष्ट्रीय महामार्ग ४८ ओलांडला की कासा, सायवन, उधवा यांच्या बाजूचा चढउताराचा, झाडीचा मुलूख. रेल्वे आणि महामार्ग या दोन रेषांच्या कडेने तारा व टॉवर आपोआप येतात. खरी अडचण त्यापुढे सुरू होते. जंगलपट्टीतले गाव एका जागी वसलेले नसते. एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे असतात आणि दोन पाड्यांमध्ये ओढा, टेकडी किंवा शेते असतात. नकाशावर पंचायत ‘जोडली गेली’ असे दिसते, तेव्हा बहुधा फक्त पंचायत कार्यालयाची एक खोली जोडलेली असते. म्हणून जाळ्याची ताकद मुंबईच्या टोकाला मोजण्यात अर्थ नाही, ती पाड्याच्या टोकाला मोजली पाहिजे. या व्याख्यानातील सर्व तांत्रिक विवेचन त्याच दृष्टीने केले आहे.

आधी तारेचे जाळे. संगणकाच्या नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा एक क्रमांक असतो, त्याला मॅक अॅड्रेस म्हणतात. कार्यालयांत आणि शाळांत दिसणारी निळी किंवा करडी केबल इथरनेटची असते. ही पद्धत १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात जन्मली. केबलमध्ये तांब्याच्या तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली असते. पिळामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला वजा होतो. ही केबल सलग १०० मीटरपर्यंतच भरवशाची. शाळेच्या एका इमारतीतून मैदानापलीकडच्या वसतिगृहात ती तशीच ओढून नेली की पहिल्याच पावसाळ्यात तक्रारी सुरू होतात, आणि उघड्यावरच्या तांब्यातून विजेचा दाब यंत्रांपर्यंत पोहोचण्याचा धोका वेगळाच.

केबलींची टोके स्विचमध्ये येतात. कोणत्या मॅक अॅड्रेसचे यंत्र कोणत्या छिद्रावर आहे हे स्विच येणाऱ्या संदेशांवरून स्वतःच शिकतो आणि पुढचा संदेश फक्त त्याच छिद्रातून बाहेर काढतो. पूर्वीचे हब प्रत्येक संदेश सगळीकडे पाठवत आणि जाळे तुंबत असे. स्विचचे काम एका जाळ्यापुरते असते. एका जाळ्यातून दुसऱ्यात जायचे तर राउटर लागतो.

दूर अंतरासाठी तांबे सोडून काच घ्यावी लागते. ऑप्टिकल फायबरमध्ये संकेत प्रकाशाच्या रूपाने जातो. दूरवर जाणाऱ्या प्रकारच्या फायबरचा प्रकाशवाहक गाभा सुमारे ९ मायक्रॉन जाडीचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो. चर्चगेट ते डहाणू रोड हे १२४ किलोमीटरचे रेल्वे-अंतर तो एका मिलिसेकंदाच्याही आत कापतो. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे आकाशातली वीज फायबरमधून यंत्रात शिरत नाही. हा गुण जंगलपट्टीत सोन्याच्या मोलाचा आहे.

गावोगावी ही काच नेण्याची देशव्यापी योजना ऑक्टोबर २०११ मध्ये ‘नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ या नावाने मंजूर झाली आणि पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तिची रचना समजली की पंचायतीतले ‘नेट’ का चालते आणि का बंद पडते हे समजते. तालुक्याच्या ठिकाणी ओएलटी नावाचे यंत्र असते. त्यातून निघालेला एकच धागा वाटेत स्प्लिटरपाशी फुटतो. स्प्लिटर हा प्रकाश वाटणारा साधा काचेचा भाग, त्याला वीज लागत नाही. प्रत्येक शाखेच्या शेवटी, पंचायतीच्या खोलीत, ओएनटी ही पेटी असते. ती प्रकाशाचे पुन्हा विद्युत संकेतांत रूपांतर करते. जीपॉन नावाच्या या तंत्रात ओएलटीकडून येणाऱ्या दिशेने सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट आणि जाणाऱ्या दिशेने सव्वा गिगाबिट एवढी क्षमता सर्व शाखांमध्ये मिळून वाटली जाते. पल्ला साधारण २० किलोमीटर. प्रकाश वाटला की तो कमी होतो. दोघांत वाटला तर अर्धा, चौघांत पाव. म्हणून स्प्लिटर, सांधे आणि अंतर यांचा मिळून हिशेब आधी करावा लागतो. मळलेला एक कनेक्टरही तो हिशेब बिघडवू शकतो.

या झाडासारख्या रचनेत एक मोठी उणीव आहे. फांदी जिथे तुटते त्यापुढची सगळी पाने वाळतात. महामार्ग, मालवाहू रेल्वेमार्ग, बुलेट ट्रेन अशी मोठी कामे या पट्ट्यातून जात असल्याने खोदकाम नेहमीचेच, आणि खोदकामात फायबर तुटणे हे सर्वत्र आढळणारे कारण आहे. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट योजनेत कडी, म्हणजे रिंग, पद्धतीची रचना स्वीकारली गेली, ती याचसाठी. कडीत एका बाजूने मार्ग तुटला तर संदेश दुसऱ्या बाजूने फिरून येतो. तुटलेली जागा शोधण्यासाठी ओटीडीआर नावाचे यंत्र फायबरमध्ये प्रकाशाचे स्पंद सोडते आणि परत आलेल्या प्रकाशाचा वेळ मोजते. दर किलोमीटरला जाऊन-येऊन १० मायक्रोसेकंद, या हिशेबाने तूट किती अंतरावर आहे ते कळते. मग स्प्लायसर यंत्राने काचेची दोन टोके वितळवून जोडतात. काम तासाभराचे असते. दिवस जातात ते माणूस, गाडी आणि यंत्र तिथे पोहोचण्यात.

पंचायतीपासून पाड्यापर्यंत काच नेणे दर वेळी परवडत नाही. तिथे रेडिओलहरी उपयोगी पडतात. याचा नीट अभ्यासलेला प्रयोग डहाणूला लागून असलेल्या पालघर तालुक्यातच झाला, आणि जिल्ह्याबाहेरच्यांना तो जितका माहीत आहे तितका जिल्ह्यात नाही, याची खंत वाटते. मुंबईच्या आयआयटीमध्ये प्रा. अभय करंदीकर यांच्या मार्गदर्शनाखाली ‘ग्राम मार्ग’ हा प्रकल्प आकाराला आला. दूरदर्शनच्या भूप्रक्षेपणासाठी राखलेला ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा पट्टा देशात बहुतांश रिकामाच पडून असतो, हे या गटाने मोजून दाखवले. मग खामलोली व भोवतालच्या गावांत याच रिकाम्या पट्ट्यातून इंटरनेट नेऊन पाहिले. या लहरींची लांबी जास्त असल्याने त्या पानाफांद्यांतून बऱ्यापैकी पार होतात. पुढे परवाना न लागणाऱ्या ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील यंत्रे वापरून काम २५ गावांपर्यंत वाढवले गेले. २०१७ मध्ये मोझिलाच्या ‘इक्वल रेटिंग’ स्पर्धेत या प्रकल्पाला पहिले पारितोषिक मिळाले. प्रयोगाचा गाभा साधा होता : फायबर जिथे संपते तिथून पुढची धाव कमी खर्चाच्या रेडिओने घ्यायची आणि शेवटी वाय-फाय द्यायचे.

रेडिओ-दुव्याचे स्वतःचे नियम असतात. ५.८ गिगाहर्ट्झला दोन्ही अँटेना एकमेकींना दिसायला हव्यात, आणि नुसते दिसून भागत नाही. त्यांना जोडणाऱ्या रेषेभोवतीचा लांबट पट्टाही मोकळा लागतो. पाच किलोमीटरच्या दुव्यात मधोमध या पट्ट्याची त्रिज्या सुमारे आठ मीटर येते. म्हणजे मध्ये ताडाचा शेंडा आला, किंवा मे महिन्यात निष्पर्ण असलेला साग जुलैत पानांनी भरला, तर उन्हाळ्यात उत्तम चाललेला दुवा पावसाळ्यात अडखळतो. उन्हाळ्यात सर्वेक्षण करून खांबाची उंची ठरवणाऱ्याने पावसाळ्यातली झाडी मनात धरलीच पाहिजे.

माध्यम तयार झाले की नियमांचा भाग येतो. पाठवायची माहिती सलग जात नाही, तिचे तुकडे होतात. या तुकड्याला पॅकेट म्हणतात आणि इथरनेटवर त्यात साधारण १५०० बाइट मावतात. वारली चित्राचा तीन मेगाबाइटचा फोटो पाठवला तर त्याची दोन हजारांहून अधिक पॅकेटे होतात. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. ती वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात, मागेपुढे पोहोचू शकतात, काही हरवतातही. पॅकेट एका जाळ्यातून दुसऱ्यात नेण्याचे नियम म्हणजे आयपी. पॅकेटांना क्रमांक देणे, हरवलेले पुन्हा मागवणे, ओळीने लावणे आणि वाट तुंबली तर वेग कमी करणे हे टीसीपीचे काम. अमेरिकेतील अर्पानेट हे जाळे १ जानेवारी १९८३ रोजी या नियमांवर आले. भारतात शिक्षणसंस्थांसाठीचे अर्नेट १९८६ मध्ये सुरू झाले, आणि सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट खुले केले.

आयपी पत्त्याची जुनी, चौथी आवृत्ती ३२ बिटांची आहे, तिच्यात सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर, आणि एकेका माणसाची यंत्रे दोन-तीन. म्हणून घरात किंवा पंचायतीत १९२.१६८ने सुरू होणारे खासगी पत्ते वापरतात आणि राउटर सगळ्यांच्या वतीने एकच सार्वजनिक पत्ता पुढे करतो. कायमचा उपाय म्हणजे १२८ बिटांची सहावी आवृत्ती. भारतात मोबाइल जाळ्यांवर ती आता सर्रास चालते. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था आहे. नव्याने जोडलेल्या यंत्राला पत्ता देण्याचे काम डीएचसीपी करते.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढताना हे सगळे एकदम कामाला लागते. केंद्रावरचा संगणक आधी डीएनएसला पत्ता विचारतो, मग विनंतीची पॅकेटे स्विच, राउटर, ओएनटी, ओएलटी या मार्गाने राज्याच्या डेटा सेंटरमधील सर्व्हरपर्यंत जातात आणि उत्तर उलट दिशेने येते. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर ‘अंगठा लागत नाही’ तेव्हा दोष बोटाचा असेल, मोबाइलच्या रेंजचा असेल किंवा दूरच्या सर्व्हरचा असेल. दुकानात मात्र तिन्हींचा परिणाम एकच दिसतो, आणि धान्य न घेता परत फिरणाऱ्या बाईला त्यातला फरक कुणी सांगत नाही. हा फरक सांगता येणारा एक तरी माणूस प्रत्येक पंचायतीत असणे ही सोयीची नव्हे, हक्काची बाब आहे.

आता ऑपरेटिंग सिस्टीम. यंत्र चालू झाले की तिचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत उतरतो आणि प्रोसेसरचा वेळ, मेमरी, डिस्क, पडदा, नेटवर्क कार्ड यांची वाटणी स्वतःच्या हातात घेतो. ब्राउझर किंवा हिशेबाचा प्रोग्रॅम कधीच थेट केबलशी बोलत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टीमकडे सॉकेट मागतो, म्हणजे जाळ्याकडे उघडणारे एक दार. पत्त्याबरोबर दाराचा क्रमांक, म्हणजे पोर्ट, असतो. सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३, डीएनएससाठी ५३. आलेले पॅकेट कोणत्या प्रोग्रॅमचे हे यावरून ठरते. नेटवर्क कार्ड बनवणाऱ्या कंपन्या अनेक आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. ती भाषा जाणणारा ड्रायव्हर नसेल तर उत्तम कार्डही निर्जीव.

ही रचना १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत सुरू झालेल्या युनिक्सपासून पक्की होत गेली. १९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स आवृत्तीत टीसीपी-आयपी आणि सॉकेट आले, आणि जाळे हा ऑपरेटिंग सिस्टीमचाच एक अवयव झाला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नल खुला केला. आज अँड्रॉइड फोनमध्ये तोच कर्नल आहे आणि बहुसंख्य घरगुती राउटरांतही. भिंतीवरचा राउटर हा प्रोसेसर, मेमरी आणि ऑपरेटिंग सिस्टीम असलेला संगणकच आहे. त्याचा मूळ पासवर्ड बदलावा लागतो आणि त्यालाही अद्ययावत ठेवावे लागते. सी-डॅक या सरकारी संगणन-संस्थेच्या चेन्नई केंद्राने २००७ पासून ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित, मराठीसह भारतीय भाषांत चालणारी प्रणाली उपलब्ध केली. जुन्या, कमी मेमरीच्या संगणकांवर हलका लिनक्स उत्तम चालतो. आश्रमशाळेत पडून असलेले संगणक भंगारात काढण्याआधी हा मार्ग तपासायलाच हवा.

अद्ययावत न ठेवलेली प्रणाली काय करते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. विंडोजच्या फाइल-देवाणघेवाणीतील एका दोषावर मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दुरुस्ती दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही त्यांच्यावर मे महिन्यात वॉनाक्राय आणि जूनमध्ये नॉटपेट्या हे हल्ले झाले. दुसऱ्या हल्ल्यात न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम कोलमडले. समुद्रापलीकडून आलेला तो प्रोग्रॅम जाळ्यातल्या एका यंत्रातून दुसऱ्यात स्वतःच सरकत होता. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा शाळा-पंचायतींतील अशा यंत्रांचा विचार लांबणीवर टाकण्यासारखा नाही.

भाषाही ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधारानेच चालते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते. १९४५ च्या वारली उठावाशी जोडलेल्या ‘झरी’ गावाचे नाव जाळ्यावरून जाते ते नऊ बाइटांत : झ, र आणि वेलांटी. टोकाच्या दोन्ही यंत्रांत युनिकोडचा फाँट असला की नाव जसेच्या तसे उमटते. जुन्या, एकेका कंपनीच्या फाँटमध्ये टंकलेले दप्तर दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हांचा ढीग होते.

इंटरनेट अखंड नसेल तिथे शाळेतल्या जाळ्याचा विचार वेगळा करता येतो. काही वॉट विजेवर चालणारा रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक सर्व्हर करून त्यावर किविक्स या प्रोग्रॅमच्या साहाय्याने मराठी विकिपीडिया, पाठ्यपुस्तके, चित्रफिती ठेवल्या तर वर्गातले सगळे संगणक आणि फोन त्या वाय-फायवरून वाचू शकतात. बाहेरचे फायबर तुटले तरी वर्ग थांबत नाही. शिक्षण मुलाच्या दारी नेण्याचा विचार या भागाला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत सुरू केलेले बालशिक्षणाचे काम १९५७ मध्ये कोसबाडला नेले, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचे, ही त्या कामामागची धारणा जाळे आखणाऱ्यांनाही उपयोगी आहे.

जाळ्यातल्या यंत्रांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. ते का, याचे उदाहरण याच भागात आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे हजारो लहान धक्के बसले, आणि शास्त्रीय संस्थांनी इथे भूकंपमापक बसवले. धक्क्याचे केंद्र शोधायचे तर वेगवेगळ्या केंद्रांवर लहर किती वाजता पोहोचली यातला सेकंदाच्या अंशाचा फरक लागतो. त्यासाठी अशा यंत्रांची वेळ जीपीएसवरून जुळवतात. साध्या संगणकांची घड्याळे जाळ्यावरून जुळवण्यासाठी एनटीपी हा प्रोटोकॉल आहे. जुन्या संगणकातली नाण्याएवढी बॅटरी संपली की चालू करताच तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राचा दोष दाखवून उघडत नाहीत, आणि लोक नेटला बोल लावतात. दोष त्या बॅटरीचा असतो.

राहिली वीज. भारतनेटची काच कितीही चांगली असली तरी पंचायतीतला ओएनटी बंद असेल तर पाड्यावर अंधारच. सौर पॅनेल आणि बॅटरीची भर घालताना हिशेब यंत्रांच्या वॉटचा करायचा, आणि तोही ढगाळ जुलै महिना धरून. खांबावरच्या रेडिओला वेगळी वीजजोडणी न देता त्याच इथरनेट केबलमधून वीज पुरवता येते. या पद्धतीला पीओई म्हणतात. खांबाला नीट अर्थिंग आणि केबलच्या दोन्ही टोकांना विजेचा दाब रोखणारे साधन हवे. बंदरपट्टीत खाऱ्या हवेने कनेक्टर गंजतात, जंगलपट्टीत उंदीर केबल कुरतडतात. दोन्हींवर वेळच्या वेळी पाहणी हाच उपाय.

बिघाड शोधण्याची रीत खालून वर जाते. आधी यंत्राला वीज आहे का आणि ओएनटीवरचा फायबरचा दिवा कोणत्या रंगाचा आहे ते पाहायचे. तो लाल असेल तर काच तुटलेली किंवा कनेक्टर निसटलेला. दिवा ठीक असेल तर स्विचवरचा केबलचा दिवा. मग संगणकाला आयपी पत्ता मिळाला आहे का. नसेल तर डीएचसीपीकडे लक्ष. मग पिंग या आज्ञेने आधी राउटरला, नंतर बाहेरच्या एखाद्या पत्त्याला हाक मारायची. आकड्याच्या पत्त्याला उत्तर आले पण नावाला आले नाही, तर दोष डीएनएसचा. सगळीकडून उत्तर येते आणि एकच संकेतस्थळ उघडत नाही, तेव्हाच ‘सर्व्हर डाउन आहे’ हे म्हणणे खरे. प्रत्येक बिघाडाची तारीख, लक्षण आणि उपाय एका वहीत लिहून ती यंत्राजवळच ठेवावी, म्हणजे माणूस बदलला तरी पुढच्याला सुरुवातीपासून शोधावे लागत नाही.